चौथ्या प्रकरणाचा प्रयोग

छापखान्यातल्या प्रूफवाचकाला सगळे पंडित म्हणत, आणि त्यातली चेष्टा त्याला कधीच कळली नव्हती. सध्या त्याच्याकडे माणसांच्या जोड्या कशा जमतात यावरचं जाडजूड पुस्तक तपासायला आलं होतं. चौथं प्रकरण सांगत होतं, आपण ज्याला आवडतो तो नकळत आपली नक्कल करतो.

"इतरांचं नकळत होतं," भाचीला कुशीत घेऊन गोष्ट सांगता सांगता तो बहिणीला म्हणाला. "मला मात्र माझं सगळं कळतं!"

"मग तुझं लग्न का जमत नाही, तेवढं कळलं की सांग," ताई म्हणाली.

जमवायचं होतं ते जोडीदारणीशी. म्हणजे कामातल्या! तो मूळ प्रत मोठ्याने वाची, ती प्रुफावर खुणा करी. चार वर्षं झाली, पण खुणांपलीकडे गाडी सरकली नव्हती. त्याने खुर्ची तिच्या अगदी जवळ ओढली आणि डोकं खाजवलं.

तिनेही खाजवलं!

त्याने मानेमागे खाजवलं. तिनेही! बुधवारपर्यंत तो कानामागे पोचला, तीही पोचली. गुरुवारी तर त्याच्याआधीच तिने सुरुवात केली. पंडित हवेत तरंगू लागला. आपण आता प्रयोग नसतानाही खाजवतोय, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही.

सोमवारी ती हळूच म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत कागदांच्या खोलीत या. एकटेच."

तो अत्तर लावून गेला.

"बसा खाली," ती म्हणाली. तिच्या हातात बारीक दातांची फणी होती. "उवा झाल्यात तुम्हाला! आणि तुमच्यामुळे मला!"

पंडितला कुशीतली भाची आठवली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. चाचरत त्याने चौथं प्रकरण सांगून टाकलं.

"म्हणजे आठवडाभर मी प्रेमाने खाजवत होते?"

"तसं... वाटलं होतं. आवडबिवड काही नाही ना मग?"

फणी थांबली. "काल आईने माझे केस धुवून दिले, तेव्हा हाच प्रश्न विचारला. एवढं खाजत होतं तर खुर्ची मागे का नाही घेतलीस म्हणून."

"मग?"

"आता घेणार. पंधरा दिवस दोन हात लांब बसायचं!"

"आणि पंधरा दिवसांनी?"

"मान खाली घाला," ती म्हणाली.