मैनाबाईसाहेब चौथऱ्यावरून उतरल्या ती हकीकत

श्रीकुलस्वामिनीस स्मरोन, जिव्हेची देवता शारदा तीस वंदोन, आणि ऐकणारांनी अंमळ जवळ सरकोन बसावें ऐसी विनंती करोन, पुढील हकीकत सांगितली असे. शके सत्राशें दोन, शार्वरी नाम संवत्सर, ते समयीं डोंगराचे पोटांत एक लहानसें राज्य होतें. वर एक गाव, त्यास वरगाव म्हणत, आणि खालीं पेठ, आणि वरगावास एक तलाव, आणि तलावाचे मोरींतून पाणी सुटे तें पेठेपर्यंत येई. पेठेंत वाड्यासमोर दगडी चौथरा होता. त्याजवर उभे राहोन थोरले हैबतराव बोलत. त्यांचा आवाज काय वर्णावा! ते खांकरले तरी देवळावरचीं कबुतरें उडत, आणि बोलण्याचे शेवटीं “ऐसा हुकूम!” म्हणोन पाय आपटीत, तेव्हां कडेवरचीं पोरें रडावयास लागत. तो दरारा आतां कुठला?

मग हैबतराव वारले, आणि पुत्र आधींच मोहिमेंत खपले होते, म्हणोन गादीचा भार सूनबाई मैनाबाईसाहेब यांजवर आला. बाईसाहेब मोठ्या समजूतदार. मुदपाकखान्यांत दोघी आचारिणी हमरीतुमरीवर आल्या, तर ह्यांनी चुलीपाशीं पाट घेऊन बसावें आणि चार शब्दांत दोघींस हंसवावें, ऐसी त्यांची हातोटी. परंतु दसऱ्यास चौथऱ्यावर उभ्या राहिल्या, आणि समोर सारी रयत पाहिली, आणि “मंडळी” येवढा एक शब्द बाहेर पडला, आणि पुढें कांहीं सुचेना. मग पुन्हां “मंडळी” म्हणाल्या. मग सोनें वाटोन खालीं उतरल्या. गर्दींत कोणी हळूच बोलिला, “हैबतराव असते तर!” तें बाईसाहेबांनी ऐकिलें आणि तें जें उरांत रुतलें तें रुतलेंच.

तेव्हांपासोन उपाय सुरू जाहले. वैद्यांनी ज्येष्ठमध दिला, उपाध्यांनी जिभेस वेखंड उगाळोन लावविलें, आणि बाईसाहेब दुपारीं पाण्याचे खोलींत जाऊन रांजणांपुढें उभ्या राहत आणि भाषण करीत. रांजण चांगले ऐकत. एके दिवशीं दिवाण विसाजीपंत दारांत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाईसाहेब, रांजणांची काय तक्रार आहे?” बाईसाहेब ओशाळल्या, मग खालीं मान घालोन म्हणाल्या, “पंत, ही गादी माझी नव्हेच. आवाज नाहीं तिनें राज्य कसलें करावें?” पंत मनाचे चांगले. ते बोलिले, “आवाज आपल्या पदरीं आहे कीं. चोपदार रायाजी थोरल्या सरकारांचे तालमींत वाढला. आपण सांगावें, त्यानें गर्जावें.” बाईसाहेबांस हायसें वाटलें, आणि तेव्हांपासोन चौथऱ्यावर रायाजी उभा राहों लागला आणि बाईसाहेब चिकाचे पडद्याआड बसों लागल्या. जत्रा, सण, बाजाराचे दिवस, सर्व नीट पार पडलें.

मग फाल्गुन आला. त्या सालीं पावसानें ओढ दिली होती, आणि पेठेच्या विहिरींनी तळ दाखविला, आणि बायका नदीचे वाळूंत झिरे उकरोन वाटीवाटीनें पाणी भरों लागल्या, आणि वरगावकरांनी आपलें पाणी जपावें म्हणोन मोरी बुजविली. तेव्हां बाईसाहेबांनी रायाजीस बोलावोन सांगितलें, “वरगावास जा. म्हणावें, घरचें समजोन अर्धी मोरी उघडा. तुमच्या गुरांस सरकारी कुरण मोकळें करितों. पेठेची पोरें तहानलीं आहेत, येवढी विनंती ऐका.” रायाजी गेला. वरगावचे बांधावर उभा राहिला, छाती भरोन घेतली आणि सारें जैसेंचें तैसें सांगितलें, आणि थोरल्या सरकारांचे तालमींत शिकला होता त्याप्रमाणें शेवटीं पाय आपटोन गर्जला, “ऐसा हुकूम!”

झालें. वरगावचा केरोजी पाटील तापट मनुष्य. तो उठला आणि म्हणाला, “हुकूम? मग तो हुकूम तळ्यालाच सांग जा. ऐकलं तर ने पाणी.” आणि वरगावकरांनी मोरीवर आणखी माती लोटली, आणि बांधावर बाभळीचे कांटे टाकिले, आणि गडी काठ्या घेऊन बसले. ही वार्ता पेठेंत आली, तेव्हां पेठेचे लोकही काठ्या काढों लागले. उद्यां डोकीं फुटणार हें लहान मुलांसही कळत होतें.

बाईसाहेबांनी रायाजीस विचारिलें, “मी विनंती म्हटलें होतें ना रे?”

“म्हटली कीं, सरकार. शब्दन्‌शब्द सांगितला. शेवट तेवढा रिवाजानं केला.”

विसाजीपंत संतापले, रायाजीची काठी काढोन घ्या म्हणाले. बाईसाहेब म्हणाल्या, “त्यास बोलों नका. त्यास एकच शेवट येतो, हें मला ठाऊक होतें. बोलावयाचें मीं होतें, आणि मी लपलें.” मग पालखी मागविली. पंत म्हणाले, “आणि तेथें शब्द फुटला नाहीं तर?” बाईसाहेब म्हणाल्या, “तर न फुटो. पण मी गेलें नाहीं तर काठ्या बोलतील.”

वाटेनें त्यांनी भाषण मनांत घोळिलें, आणि घाट चढतां चढतां निम्में विसरल्या, आणि बांध दिसों लागला तेव्हां उरलेंही गेलें. बांधाचे टोकास उंच धोंडा होता, त्याजवर जाऊन उभ्या राहिल्या. समोर वरगाव, मागें पेठेचे लोक काठ्यांसुद्धां आलेले. “मंडळी,” म्हणाल्या. आणि तोच दसरा पुन्हां समोर उभा राहिला. कोणी फिदीफिदी हंसलें. केरोजीनें काठी दुसऱ्या हातांत घेतली.

इतक्यांत पुढचे रांगेंतून गोजराआजी, वरगावची जुनी सुईण, कमरेवर हात ठेवोन ओरडली, “अगं बाई, तिथून कावळ्यांना सांगतेस का? खाली ये! आणि तो पदर आधी दातांतनं काढ. तोंडात लुगडं धरून कोण बोलतं?”

बाईसाहेबांनी पाहिलें, तों खरेंच पदर दातांत होता. कधीं धरिला तें त्यांसही ठाऊक नव्हतें. त्यांस हंसूं आलें, आणि सारा बांध हंसला, आणि केरोजीच्याही मिशा हलल्या. मग त्या धोंड्यावरून उतरल्या आणि आजीसमोर मातींत बसल्या, जैशा चुलीपाशीं बसत तैशा.

“आजी, मला गर्दीसमोर बोलतां येत नाहीं,” त्या म्हणाल्या. “भीति वाटते. म्हणोन रायाजीस धाडिलें, आणि तुमचा अपमान जाहला. तो दोष त्याचा नव्हे, माझा. मी हुकूम करावयास आलें नाहीं. पाणी मागावयास आलें आहें.”

मागोन ओरड आली, “काय म्हणाल्या? ऐकू येत नाही!” तेव्हां पुढच्यांनी मागच्यांस सांगितलें, आणि त्यांनी त्यांचे मागच्यांस, आणि “पाणी मागायला आल्यात” हे शब्द रांगेरांगेनें पार पेठेच्या लोकांपर्यंत गेले, आणि ज्यानें त्यानें ते आपल्या तोंडानें उच्चारिले.

केरोजी उकिडवा बसला. “आणि आमची गुरं?”

“कुरण आजपासोन मोकळें.”

“तळं आटलं तर?”

“दर आठवड्यास पाणी तुम्हींच मापा. तुमच्या गुरांपुरतेंच उरलेंसें दिसलें कीं मोरी तुम्हींच बंद करा. मी विचारणार नाहीं.”

“पेठेचे लोक काठ्या घेऊन आलेत ते?”

बाईसाहेबांनी मागें वळोन पाहिलें आणि नुसतें पाहिलें. काठ्या खालीं गेल्या. तेव्हां रायाजीस भरोन आलें आणि त्यानें छाती फुगविली, “ऐसा...” तोंच गोजराआजी त्याजवर डाफरली, “तू गप रे मेल्या!” मग केरोजी उठला, वळला, आणि आपल्या गावास म्हणाला, “बाईसाहेब विनंती करताहेत. कुदळी आणा.” आणि अर्धी मोरी उघडली, आणि पाणी दिवस मावळायचे आंत पेठेंत पोहोंचलें, आणि वाळूंत झिरे उकरणाऱ्या बाया भांडीं टाकोन धांवल्या.

पुढें दसरा आला. बाईसाहेबांस भीति वाटलीच. परंतु त्या चौथऱ्यावर चढल्या नाहींत. खालच्या पायरीवर बसल्या, पदर तपासिला, आणि बोलल्या, आणि लोकांनी तें रांगेरांगेनें मागें पोहोंचविलें. रायाजीस गर्दी शांत करण्याचें काम दिलें, तें तो उत्तम करी. विसाजीपंतांस हा रिवाज हलका वाटे, पण तेही पुढें सरकोन बसत, कारण त्यांस कमी ऐकूं येत होतें.

तात्पर्य इतकेंच कीं, मैनाबाईसाहेबांचा आवाज अखेरपर्यंत बारीकच राहिला, आणि भीतिही समूळ गेली नाहीं. त्या बसत त्या पायरीवर, त्यांचा मान म्हणोन, अलीकडे कोणी बसत नाहीं. चौथरा तर त्यांचे हयातींत रिकामा राहिला, आणि त्याजवर कबुतरें निर्धास्त बसत. कळावें, हकीकत संपूर्ण.