हैबतरावांनी अमेरिकेचे बारसे संगणकात कैद केले, त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीस वंदन करून, जे ऐकिले तेच लिहिले, पदरचे मीठ चवीपुरते घातले असे. शके १९२९, सर्वजितनाम संवत्सरी, कार्तिक मासी, मौजे सूस, तालुके मुळशी येथे राजश्री हैबतराव, पूर्वी भातखाचरांचे धनी, सांप्रत चार खोल्यांच्या भाड्याचे सरंजामदार, यांनी जी मोहीम केली तिचा मजकूर ऐसा जे :

हैबतरावांची कन्या सायली अमेरिकेचे मुलखी नांदत होती, तीस कन्यारत्न जाहले आणि बारशाचा मुहूर्त इकडील आइतवारी सकाळचा ठरला. जावईबापूंनी कळविले की सोहळा इंटरनेटावरून थेट दाखवू, मागाहून सीडीही पाठवू. परंतु लग्नाचीच सीडी अद्याप पोहोचली नव्हती. इतक्यात चुलतबंधू दादासाहेब दूध डेअरीवर भर दरबारी वदले, ‘‘हैबत्याला लेकीनं इचारलंबी न्हाई. बारसं तिकडंच उरकत्यात.’’ हे शब्द हैबतरावांचे काळजात भाल्यासारखे रुतले. कारण त्यांचेही मनी तीच शंका होती, ती त्यांनी कोणास कळो दिली नव्हती. मग त्यांनी तिथेच फर्मान सोडिले की आइतवारी सकाळी समदी कामात, तवा सांजच्याला समद्या भावकीनं घरी यावं, बारसं दावतो.

मग भाडेकरू ऋषिकेशपंत, मूळ लातूर प्रांतीचे, हिंजवडीचे चाकरमाने, यांस मसलतीस पाचारण जाहले. पंतांनी अर्ज गुजारिला, ‘‘काका, लाइव्ह दिसेल, पण सेव्ह करायची सोय नाही त्यात.’’

‘‘मंग कर की सोय. आयटीत हायेस न्हवं तू?’’

हा वार पंतांचे अब्रूवर बसला. मग त्यांनी पडद्यावरील चित्र टिपणारे रेकॉर्डर नामे हत्यार फुकटात पैदा केले आणि चाचणी घेतली, तो फितीत चौकट उमटे आणि चौकटीत निव्वळ काळोख. हैबतरावांचे कुटुंब रत्नाबाई चष्मा पुसून म्हणाल्या, ‘‘ही तर अवस हाय.’’ मग पंतांनी संगणकाचे चित्र रंगविणाऱ्या ग्राफिक कार्डाचा लगाम खेचून त्याची दौड मंद केली, आणि दुसऱ्या चाचणीस काळोख हटून चित्र हाती लागले.

आइतवारी सकाळी मुहूर्त समीप आला आणि लोडशेडिंग नामे गनीम चालून आला. वाडीत इन्व्हर्टर एकच, तोही दादासाहेबांचा. दादासाहेब सोयरीकीस कासारसाई गावी गेले आहेत ऐसी खबर लागताच रत्नाबाईंनी जाऊबाई, म्हणजे दादासाहेबांचे कुटुंब अनसूयाबाई, यांशी गुप्त तह केला, आणि इन्व्हर्टर गोधडीत लपेटून हातगाडीवर आणिला.

मग चित्र आले, अडले, पुन्हा चालते जाहले. काठपदर ल्यालेली सायली दिसली, पाळणा दिसला, मृण्मयी ऐसे नाव ठेविले तेही कळले. लेकीने कॅमेऱ्यापुढे येऊन आईबाबांस नमस्कार केला, तेव्हां रत्नाबाईंस धीर धरवेना. त्यांनी पडद्यासमोर बसून साद्यंत पाळणा म्हटला. तो मध्येच हैबतराव डोळे पुशीत, तेथे नसलेल्या दादासाहेबांस उद्देशून गरजले, ‘‘बघ रं दादा! इचारलं का न्हाई लेकीनं? लई टुरटुर करीत हुतास, बोडक्या!’’

सांजेस वीज होती. भावकी जमली, दादासाहेब पुढील खुर्चीवर विराजमान जाहले. पंतांनी फीत लाविली, चित्र लखलखीत आले, हैबतरावांची छाती फुगली. परंतु घात ऐसा जाहला होता की संगणकाचा आवाज घ्यावा की माइकाचा, या सवालास पंतांनी चित्राचे फिकिरीत माइक ऐसा जबाब दिधला होता. सबब अमेरिका विहिरीतून बोलावी तैसी आणि सुसेची खोली मात्र कानाशी बोलू लागली. प्रथम रत्नाबाई वदल्या, ‘‘इन्व्हर्टर दादा भावजींचा हाय, त्यास्नी सांगू नगा.’’ मग हैबतरावांचा हुंदका. मग बोडक्या.

अनसूयाबाई पदराआड गेल्या. पंत टेबलाखाली वायर शोधू लागले. हैबतरावांनी स्वहस्ते यंत्र बंद करावयास हात घातला, तो दादासाहेबांनी मनगट धरिले. ‘‘ऱ्हाऊ दे. वैनी पाळणा म्हनत्यात, ऐकू दे.’’ सर्वांनी पाळणा संपेतोवर ऐकिला. मग दादासाहेब हलक्याने पुसते जाहले, ‘‘रडत हुतास व्हय रं?’’

‘‘व्हय,’’ हैबतराव म्हणाले.

‘‘आन् बोडका मी?’’

‘‘ते रागात.’’

दादासाहेबांनी टोपी काढून टक्कल चाचपिले आणि हुकूम केला की फीत पहिल्यापासून लावावी.

पुढे पंतांनी ती फीत अमेरिकेस रवाना केली. सायलीचा फोन आला तो ऐसा, ‘‘आई, हितं पाळणा म्हणायला कुणीच नव्हतं गं. सगळे नुसत्या टाळ्या वाजवत होते. आता रोज तुझा पाळणा लावते. बाबांच्या शिव्या कापायला गेले, तर पोरगी रडायला लागली. तेवढ्या ऐकल्याबिगर ती झोपत न्हाई.’’

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, बारसे कैद जाहले, आणि हैबतरावांचा आवाज अमेरिकेचे मुलखी कायम जाहला.