लडकूच्या नातवाची ऊब

नातू जन्मायच्या आधीच लडकूने सगळ्या पाड्यावर जाहीर करून टाकलं होतं, "माझ्या लेकीच्या, रविनाच्या बाजेखाली शेगडी नाय ठेवनार! धूर नाय, राख नाय. नातवाला मशीनची ऊब!"

सिद्धगडाच्या पायथ्याशी थंडीत बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी हवीच, असं लडकूच्या बायकोचं, जिवलीचं म्हणणं. पण लडकूचा भाचा पंकज शहापूरला एसी बसवतो. बाळ-बाळंतीण घरी आली त्याच दिवशी त्याने गार आणि गरम दोन्ही करणारं मशीन आणून भिंतीवर चढवलं, त्याचा बाहेरचा डबा पडवीला ठोकला आणि रिमोट समजवायला लागला. लडकूने तो त्याच्या हातातून काढूनच घेतला.

"मला शिकवतोस? आयुष्यभर इंजिनावर भात झोडला मी! जा तू, शेवटची गाडी जाईल."

पंकज गेला. लडकूने रिमोट निरखला. एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला बर्फाची चांदणी. सोपं होतं! उन्हाळा असेल तर सूर्य, थंडी असेल तर बर्फ. आता थंडी, म्हणून त्याने ऐटीत बर्फ दाबला.

थोड्याच वेळात खोलीतलं खोबरेल तेल थिजलं, इतका गारठा! बाळ शिंकलं. नेमका तेव्हाच रविनाच्या सासूचा, शेणव्याच्या सकुबाईचा फोन चालू होता. नातवाची शिंक तिने बरोब्बर ऐकली.

"व्याहीबुवा, उद्या सकाळी येते मी. खोली थंड दिसली तर सून आन् नातू दोघांना घेऊन जाईन!"

सव्वा महिना लेक आणि नातू घरात राहणार म्हणून लडकू नुसता हवेत होता. मुकाट्याने त्याने पंकजला फोन लावला.

"मामा, बर्फ दाबलास म्हनजे मशीन आतली ऊब उचलून बाहेर टाकतं. उन्हाळ्यात तेच पायजे. सूर्य दाब, मग गॅस उलटा फिरतो आन् बाहेरची ऊब आत येते."

"बाहेर कुठली ऊब रे? बाहेर म्हस कुडकुडते!"

"थंड हवेतबी थोडी ऊब असतेच. मशीन ती काढून घेतं."

लडकूने सूर्य दाबला. खोली हळूहळू उबदार झाली, बाळाच्या मुठी सैल पडल्या. लडकू बाहेर जाऊन डब्यासमोर हात धरून उभा राहिला. डब्यातून येणारा वारा अंगणातल्या हवेपेक्षाही गार होता! उसाचा रस निघून चोथा बाहेर पडावा, तशी ऊब काढून घेतलेली हवा बाहेर पडत होती. एवढ्या थंडीत ऊब लपलेली असते, आणि साठ पावसाळे पाहिलेल्या आपल्याला पत्ता नाही! त्याने नकळत त्या डब्याला हात जोडले.

पहाटे मात्र त्याला राहवेना. आपल्या नातवासाठी बिचारं मशीन रात्रभर उघड्यावर काम करतंय! थंडीत तो म्हशीच्या पाठीवर गोणपाट टाकायचाच. तसंच एक जाड गोणपाट त्याने डब्यावर चारी बाजूंनी पांघरलं आणि सुतळीने आवळून बांधलं.

"झोप आता गरम," म्हणत त्याने त्याला थोपटलंही.

उजाडता उजाडता बाहेरचा पंखा थांबला. आतला वाराही बंद पडला. मग सूंऽऽ असा आवाज झाला आणि गोणपाटातून भसाभसा पांढरे लोट निघू लागले!

"पेटलं! पेटलं!" लडकू ओरडला. "रविना, भाईर ये! जिवली, पानी आन गो!"

रविना बाळाला छातीशी धरून अंगणात धावली. जिवलीने भरलेला हंडा भिरकावला. निम्मं पाणी गोणपाटावर आणि निम्मं लडकूवर पडलं. तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली आणि सकुबाई उतरली.

समोर ओली बाळंतीण कडाक्याच्या थंडीत उभी, आणि व्याही निथळतायत!

"ही तुमची ऊब?" सकुबाई कडाडली. "रविना, कपडे भर. चल शेणव्याला!"

लडकूने सुतळी सोडली. आग कुठली? मशीनच्या जाळीवर पांढराशुभ्र बर्फ चढला होता आणि वितळून टपटप गळत होता. आपल्या पडवीत बर्फ! लडकू चिंब अंगाने आ वासून बघत राहिला. पंकजला फोन लावला, तर तो हसतच सुटला.

"मामा, मशीनला हवा नाय मिळाली तर जाळी गार पडून दव गोठतं. मग मशीन थोडा वेळ उलटं फिरतं, आतली ऊब बाहेर आणून सोताचा बर्फ वितळवतं. ती वाफ व्हती, धूर नाय! तोवर आत वारा बंदच राहातो. गोणपाट काढलास ना? आता बघ."

पंखा पुन्हा गरगरला. आत झुळूक सुरू झाली. जिवलीने लेकीला आणि बाळाला आत नेलं. पाठोपाठ सकुबाई कपड्यांची पिशवी भरायला गेली.

बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. लडकू दारातून डोकावला. सकुबाई बाजेवर पाय पसरून बसली होती, मांडीवर नातू गाढ झोपलेला, कपाळावरचा पदर मागे सरकलेला. भिंतीवरच्या मशीनकडे ती देवाकडे बघावं तशी बघत होती.

"राहू दे पोर हितंच," ती हळूच म्हणाली.

लडकूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आन् मीबी सव्वा महिना राहाते. माझे गुडघे मोकळे झाले बघा!"

बाळंतिणीच्या खोलीत बायकांचा मुक्काम, म्हणून लडकूचं अंथरूण पडवीत गेलं. मोकळी जागा उरली होती ती नेमकी डब्यासमोर. ऊब काढून घेतलेला गार वारा सरळ त्याच्या अंगावर येत होता. लडकूने पाय पोटाशी घेतले, कडकडणारे दात आवळले आणि मशीनला म्हणाला, "घे बाबा, माझ्या अंगातलीबी काढून घे, नातवाला दे. पन विहीणबायला जरा कमी दे!"