तळ्याचा समुद्र कसा झाला

एका जंगलात, मुलांनो, सहा महिने बर्फ पडायचा आणि उरलेले सहा महिने त्यावर बैठका व्हायच्या.

तिथले राजे होते अस्वल महाराज. ते हिवाळाभर झोपायचे. म्हणून त्यांच्या गुहेपर्यंतचा रस्ता हिवाळाभर मोकळा ठेवणं फार निकडीचं होतं. हसू नका. राज्यकारभार असाच चालतो.

रस्त्याचं काम प्रधान साळिंदराकडे होतं. बर्फ लवकर सुटावा म्हणून त्याने मिठाचे खडे पसरले. खुरं घसरू नयेत म्हणून वर राख टाकली. मग याकांना जुंपून तो सगळा बर्फ मीठ, राख आणि लेंड्यांसकट लोटला. हरणं मीठ चाटायला रस्त्यावर गर्दी करू लागली. प्रधानांनी दरबारात कळवलं, की रस्ता लोकप्रिय आहे.

लोटलेला बर्फ टाकायचा कुठे? तळ्यावर. ते गोठलेलं होतं, सपाट होतं आणि हाकेच्या अंतरावर होतं.

तळ्याकाठच्या बिळात ऊद राहायची. ऊद म्हणजे पाणमांजर. तिला तीन तान्ही पिल्लं होती आणि तिचं पोट तळ्यातल्या माशांवर होतं. ढीग पाहून ती धावतच आली.

"अहो प्रधानजी, ऊन पडलं की हे सगळं पाण्यात उतरेल! माझी लेकरं काय पितील?"

"ऊदबाई, बर्फ म्हणजे काय?" साळिंदराने विचारलं.

"पाणी."

"मग पाण्यात पाणी टाकलं तर बिघडलं कुठे?"

याकांनी माना डोलावल्या. इतकं सोपं त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"पलीकडच्या माळावर टाका ना," ऊद काकुळतीने म्हणाली. "तिथलं पाणी इकडे येत नाही. वितळेल, मातीत मुरेल. वर राहिलेली घाण उचलून न्या."

"माळावर? तिथे महाराजांच्या जागे होण्याचा सोहळा असतो. जनाची नाही, मनाची तरी ठेवा!"

ऊदेने हट्ट सोडला नाही. शेवटी तीन रानबकऱ्यांची समिती आली. तिने समोरच्या काठावरचा ताजा बर्फ चाटला, 'पाणी उत्तम' असा शेरा दिला आणि जाता जाता रस्ताही चाटला.

वसंत आला. ढीग वितळला. तळं राखाडी झालं आणि मासे पोट वर करून तरंगू लागले. पिल्लं ते पाणी प्यायली आणि ओकली. धाकटं पुन्हा उठलंच नाही. ऊदेने त्याला काठावर पुरलं आणि दिवसभर तिथून हलली नाही.

महाराज जागे झाले, तळ्यावर आले आणि पहिल्याच घोटाला थुंकले.

"शी! खारट!"

दरबाराची पाचावर धारण बसली. साळिंदराने मात्र वाकून मुजरा केला.

"अभिनंदन, महाराज! आपल्या कारकिर्दीत जंगलाला समुद्र मिळाला."

महाराजांच्या आजोबांच्या काळातही समुद्र नव्हता. ते इतके खूश झाले, की सोहळा माळावरून तळ्याकाठी हलवला. समुद्राची पहिली रहिवासी म्हणून ऊदेचा सत्कार ठरला. पण बीळ रिकामं होतं. दोन पिल्लांना घेऊन ती कधीच तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याच्या वरच्या अंगाला निघून गेली होती.

काठावर मातीचा एक वीतभर उंचवटा होता. महाराजांच्या पायात येईल म्हणून याकांनी तो लोटून समुद्रात टाकला.

तात्पर्य : घाण कुठे टाकावी याची चिंता करू नये. टाकून झाल्यावर त्या जागेला मोठं नाव द्यावं आणि काठ तेवढा स्वच्छ ठेवावा.