पांढऱ्या टोपीची छाटणी

संगणकाच्या पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत सरकत उजव्या टोकाला टेकली, टिंग असा आवाज झाला आणि जावईबापू दोन्ही हात डोक्यामागे घेऊन खुर्चीत मागे रेलले. सासऱ्यांचा टीव्हीवरचा कार्यक्रम रेकॉर्डरमध्ये कितीतरी दिवस पाय पसरून बसला होता. तो आता इतका लहान झाला होता, की फोनवरून कुणालाही पाठवता आला असता. इतका लहान कसा काय झाला, अशी शंका खरं तर तेव्हाच यायला हवी होती. पण आपल्या हातून काहीतरी चांगलं झालंय असं वाटत असताना शंका घेणारी माणसं वेगळी असतात, आणि जावईबापू त्यांच्यातले नव्हते.

सासरे निवृत्त पोस्टमास्तर. नोकरी सुटल्यापासून त्यांनी गुलाबांचा ध्यास घेतला होता. बागकामाच्या एका कार्यक्रमात गुलाबाची छाटणी दाखवायला त्यांना बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी खास नवी पांढरीशुभ्र, रुंद काठाची टोपी घेतली. "ती टोपी घालू नका, हॉटेलातल्या आचाऱ्यासारखे दिसता," असं सासूबाईंनी बजावून सांगितलं. सासऱ्यांनी ती घातली. कार्यक्रम लागला त्या दिवशी ते टीव्हीतल्या स्वतःपेक्षा मोठ्या आवाजात सगळ्यांना समजावून सांगत राहिले, त्यामुळे कुणालाच काही ऐकू आलं नाही. म्हणून त्यांची सारी भिस्त रेकॉर्डिंगवर होती, आणि रेकॉर्डिंग जावयाकडे होतं.

"जावईबापू, व्हिडिओ बारीक केला म्हणजे मी बारीक दिसणार का?" त्यांनी सकाळीच फोनवर विचारलं होतं.

"नाही हो बाबा. फाइल फक्त बारीक होते. तुम्ही आहात तसेच राहता."

"मग हरकत नाही. मी राहिलो म्हणजे झालं."

आता जावईबापूंनी फाइल उघडली. हसतमुख निवेदिका दिसली. "छाटणी म्हटलं की आपण घाबरतो," ती म्हणाली. "चला, आज आपल्या पाहुण्यांकडूनच ती शिकू या." आणि श्वासही न घेता तिने दोन्ही हात जोडले. "वा, किती सुंदर माहिती दिलीत तुम्ही!" मग नावांच्या पाट्या सुरू झाल्या आणि कार्यक्रम संपला.

जावईबापूंनी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. शिकू या आणि किती सुंदर यांच्यामध्ये सासरे नव्हते. गुलाब नव्हता, कात्री नव्हती, टोपीही नव्हती.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. फाइल बारीक करण्याआधी त्यांनी 'जाहिराती आपोआप काढा' या चौकोनात मोठ्या हौसेने बरोबरची खूण केली होती. जाहिरात ओळखायची त्या सॉफ्टवेअरची रीत साधी होती. कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात वाहिनीचं पांढरं चिन्ह असतं, जाहिराती लागल्या की ते नसतं. सासरे अंगाने ताडमाड. त्यांना कॅमेऱ्यासमोर नेमकं त्याच कोपऱ्याखाली उभं केलं होतं, आणि त्या पांढऱ्या चिन्हामागे त्यांची पांढरीशुभ्र टोपी आली होती. पांढऱ्यात पांढरं मिसळलं. सॉफ्टवेअरला चिन्ह दिसेना, तेव्हा त्याने सासऱ्यांना जाहिरात ठरवलं आणि मुळापासून छाटलं.

जाहिरातींच्या खालच्या चौकोनात लिहिलं होतं, 'काम झाल्यावर मूळ रेकॉर्डिंग पुसा'. तिथेही त्यांनी खूण केली होती. रेकॉर्डरमध्ये जागा नाही म्हणून बायकोची मालिका रेकॉर्ड होत नव्हती, आणि तिला खूश करायची ही नामी संधी होती.

नेमका तेव्हाच फोन वाजला.

"झालं का काम?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो, म्हणजे झालं, पण बाबा..."

"झालं गं!" सासरे तिकडे घरात ओरडले. "जावयाने करून दाखवलं. ऐका, रविवारी सगळ्यांना बोलावतो. आत्यांना बोलावतो, मामांना बोलावतो. मोठ्या टीव्हीवर बघू. तुम्ही लवकर या." आणि फोन बंद झाला.

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. नवऱ्याचा चेहरा पाहून तिने आधी गॅस बंद केला. सगळं ऐकून घेतल्यावर ती शांतपणे म्हणाली, "बाबांना फोन करून खरं काय ते सांगून टाक."

"तू सांग ना. तुझे वडील आहेत."

"पुसलंस तू."

"जागा तुझ्या मालिकेसाठी केली."

हा युक्तिवाद चांगलाच अंगाशी आला. बायको आत गेली आणि भांडी आपटायला लागली.

जावईबापूंनी रेकॉर्डर काखोटीला मारला आणि कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याला गाठलं. त्याने तारा जोडल्या, बटणं दाबली आणि मान हलवली. "पुसलेलं कधी कधी परत मिळतं साहेब. पण त्या जागेवर दुसरं काही बसलं नसेल तर. इथे मालिका बसलीये."

"आजच? लगेच?"

"दुपारचा पुनःप्रक्षेपित भागसुद्धा घेतलाय. वहिनींनी लावून ठेवलं असणार."

मग त्यांनी वाहिनीच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाई फार गोड बोलल्या. जुने भाग आम्ही ठेवत नाही, पण तुमच्या सासऱ्यांना आमचा नमस्कार सांगा, असं म्हणाल्या. नमस्कार पोचवायचा तर बाकीचंही पोचवावं लागलं असतं, म्हणून जावईबापूंनी तो स्वतःपाशीच ठेवला. माणसाची उभ्या आयुष्यातली टीव्हीवरची एकमेव वेळ, आणि ती आपण दोन खुणांनी पुसून टाकली, हे काही केल्या मनातून जाईना.

रविवारी सगळ्यांच्या आधी पोचून सासऱ्यांना बाजूला घ्यायचं आणि सांगून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण दार उघडलं तेव्हा दिवाणखान्यात खुर्च्यांच्या रांगा लागलेल्या होत्या. आत्या पुढची जागा धरून बसल्या होत्या आणि मामा चष्मा पुसत होते. सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात कात्री होती आणि फुलदाणीत गुलाबाची एक फांदी.

"बाबा, जरा आत येता का? एक बोलायचं होतं."

"नंतर बोलू. आधी लावा."

"पण ते लावायच्या आधीच..."

"जावईबापू, माणसं खोळंबलीयेत."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं आणि मग ती खिडकीबाहेर पाहायला लागली. जावईबापूंनी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. रिमोट सासऱ्यांनी त्यांच्या हातातून काढून घेतला.

निवेदिका हसली. "चला, आज आपल्या पाहुण्यांकडूनच ती शिकू या."

जावईबापूंनी डोळे मिटून घेतले. पण पुढे आवाजच आला नाही. त्यांनी एक डोळा उघडला. सासऱ्यांनी कार्यक्रम तिथेच थांबवला होता आणि ते टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले होते.

"आता पुढे मी येतो," ते म्हणाले. "पण त्याआधी थोडं सांगतो, म्हणजे नीट कळेल. त्या दिवशी त्या बाईने मला धड बोलू दिलं नव्हतं."

आणि मग त्यांनी सांगितलं. फांदीवरचा डोळा कसा ओळखायचा, त्याच्यावर तिरका छेद का द्यायचा, पाणी कसं ओघळतं, आतल्या अंगाच्या फांद्या का ठेवू नयेत. कात्री चालवून दाखवली. मामांनी एक प्रश्न विचारायची चूक केली, तेव्हा खताचंही सांगितलं. आत्यांचा मधे डोळा लागला, जाग आली, तरी सांगणं चालूच होतं. "आणि छाटणीचा पहिला नियम," जावयाकडे बघत ते म्हणाले, "कात्री चालवण्याआधी काय कापतोय ते बघायचं." जावईबापूंना खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

बोलून बोलून घसा बसला, तेव्हा सासऱ्यांनी बाजूला होऊन रिमोटचं बटण दाबलं.

"वा, किती सुंदर माहिती दिलीत तुम्ही!" निवेदिकेने हात जोडले. पाट्या वर सरकल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी सुटकेच्या होत्या.

"पण दादा, तू टीव्हीत कुठे दिसलास?" आत्यांनी विचारलं.

"एवढा वेळ टीव्हीसमोर उभा होता," मामा घाईघाईने उठत म्हणाले. "अजून किती दिसायला हवा?"

सासरे मात्र रिमोटकडे बघत राहिले. मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना मागच्या अंगणात कुंड्यांपाशी घेऊन गेले. जावईबापूंनी सगळं सांगून टाकलं. चिन्ह, चौकोन, टोपी, मालिका, काही लपवलं नाही.

"म्हणजे माझा भाग सगळा गेला?"

"सगळा. चुकलं माझं, बाबा."

"ती बाई मला मधे मधे तोडत होती, ते?"

"तेही गेलं."

सासऱ्यांनी एक पिवळं पान खुडलं. "त्याचं एवढं नाही. आज पहिल्यांदा पुरं बोलायला मिळालं मला," ते म्हणाले आणि मग दाराकडे बघून एकदम आवाज उतरवला. "पण हे टोपीमुळे झालं, ते हिला सांगू नका. ती घालू नका म्हणाली होती. जन्मभर ऐकवेल. वाटल्यास जावयाने घोळ घातला म्हणतो. चालेल ना?"

"चालेल, बाबा," जावईबापू म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. पहिला कप त्यांनी नवऱ्याला ओलांडून जावयाला दिला.

"फार छान केलंत हो," त्या म्हणाल्या. "मला धाकधूकच होती, सगळ्यांपुढे ती आचाऱ्याची टोपी दिसणार म्हणून. तुम्ही बरोबर तेवढी काढून टाकलीत."

मग त्यांनी पदराआडून जुन्या व्हिडिओ कॅसेटची पिशवी काढून जावयाच्या हातात दिली. "या आमच्या सहलींच्या. यातही ह्यांच्या डोक्यावर काही ना काही आहेच."