दम चालू असताना

निवडणूक जवळ आल्याचं आमच्या बिल्डिंगला वर्तमानपत्रापेक्षा घाडीकाकांच्या शिट्टीवरून जास्त खात्रीने कळायचं. संध्याकाळी टीव्हीवर कोणा उमेदवाराची मुलाखत लागली, की थोड्याच वेळात दुसऱ्या मजल्यावरून कडक शिट्टी यायची. खाली खेळणारी पोरं जागच्या जागी थांबायची. गेटातून मागे येणारा रिक्षावाला ब्रेक दाबून इकडेतिकडे बघायचा. आणि आमची ही दुधाखालचा गॅस बारीक करत म्हणायची, "झालं. कापलं वाटतं कोणाला तरी."

घाडीकाका कबड्डीचे पंच. पोटासाठी परळच्या एका गिरणीत होते. संपात गिरणीला टाळं लागलं ते काही उघडलं नाही. नोकरी गेली, त्याच्या आधी बायको गेली होती. मुलुंड पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एक खोली, एक काळा-पांढरा टीव्ही आणि काळ्या गोफातली पितळी शिट्टी एवढा त्यांचा संसार उरला होता. मैदानावर आता त्यांना कोणी बोलवत नसे. मग त्यांनी टीव्हीचं मैदान करून घेतलं.

त्यांचा हिशेब सोपा होता. उमेदवार म्हणजे चढाईला आलेला गडी. कबड्डीत गड्याचा दम घुमतोय तोवर चढाई चालू, दम तुटला की बाद. तसंच मुलाखतीत उमेदवाराचा दम चालू आहे तोवर त्याला बोलू द्यायचं. त्याने श्वास घेतला, की मग प्रश्न विचारा, टोका, काय वाट्टेल ते करा. "दम चालू असताना गडी थांबवूचो नाय," हे त्यांचं पहिलं वाक्य. आणि दुसरं, "पंचान एकदा दिलेलो निकाल बदलूचो नाय." या दोन वाक्यांवर त्यांनी सगळा जन्म काढला. त्यांच्या तोंडून तिसरं तत्त्व मी ऐकलं नाही.

तेव्हा टीव्ही एकच आणि तोही सरकारचा. सत्तेतला उमेदवार आला की मुलाखत घेणारे गृहस्थ पुढे झुकून विचारायचे, "आपण लोकांसाठी एवढे झटता, विश्रांती कधी घेता?" उमेदवार हसायचा, पाणी प्यायचा, छताकडे बघायचा, गावच्या शाळेपासून सुरुवात करायचा. काका कानाशी हात धरून ऐकत असायचे. "बग, दम तुटलो," ते म्हणायचे. "परत तुटलो. आता तर पाणी प्यालो. हेका कोण उठवणार की नाय?" कोणी उठवायचं नाही. मग काका उठवायचे. फुर्रर्र.

विरोधातला आला की त्याच गृहस्थांच्या कपाळाला आठी पडायची. तो बिचारा "आमच्या भागात पाण्याची" एवढं म्हणेपर्यंत "वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागतंय" असं उत्तर मिळायचं. पुन्हा फुर्रर्र. आणि वेळेअभावी थांबलेल्या त्या टीव्हीवर मग बराच वेळ बागेतली फुलं दाखवत.

काकांची शिट्टी विरोधकांची होती, असं मात्र कोणी समजू नये. संपाच्या काळात ज्याने गिरणी कामगारांना तोंडावर दारू पिणारे म्हटलं होतं, त्या पुढाऱ्याला एकदा मध्येच कापलं. काका त्याचं नाव घेतलं तरी थुंकायचे. तरी शिट्टी वाजली.

मी म्हटलं, "काका, अहो तो तर तुमचा वैरी."

"वैरी असलो म्हणून काय झाला? दम तेचो चालू होतो."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी नाडकर्णींनी विषय काढला. "घाडी, ही शिट्टी बंद करा. लोकांना त्रास होतो." काका म्हणाले, "मी टीव्हीक वाजवतंय, तुमका कित्याक लागता?" नाडकर्णी काही बोलायला गेले, तेवढ्यात कोणीतरी मध्येच त्यांना थांबवलं. काकांनी खिशातून शिट्टी काढली आणि नाडकर्णींच्या बाजूने वाजवली. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

मी स्वतः त्यांना बरेचदा समजावलं. मला त्यांची कीव यायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. सगळ्यांना दिसत होतं टीव्हीवर काय चाललंय ते. पण दिसून उपयोग काय? आम्ही मूग गिळून बसायला शिकलो होतो, आणि हा माणूस रोज पालथ्या घड्यावर पाणी ओतत होता.

"काका, ही मुलाखत आधीच घेऊन ठेवलेली असते. तुमची शिट्टी पडद्याच्या आत जात नाही."

"माका ठाऊक आसा," ते शांतपणे म्हणाले. "पण फाउल झालो तो झालो. कोणीतरी वाजवूक व्हयी मा?"

 

काकांच्या पंचगिरीची एक गोष्ट आमच्याकडे नव्या भाडेकरूला पहिल्या आठवड्यात सांगितली जायची. घाटकोपरच्या एका मैदानावर अंतिम सामना होता. नेमलेले पंच आलेच नाहीत. एका संघात काकांचा मुलगा दिनू होता, तरी दोन्ही संघांनी काकांनाच उभं राहायला सांगितलं. मैदानाबाहेर एका मोठ्या कंपनीचे साहेब बसले होते. चांगला खेळाडू दिसला की ते कंपनीच्या संघात घ्यायचे, आणि संघाबरोबर कायमची नोकरी. शेवटची चढाई दिनूची होती. तो गडी मारून परत निघाला, मध्यरेषा हातभर राहिली, आणि काकांची शिट्टी वाजली. दम तुटला. दिनू बाद. सामना गेला, नोकरी दुसऱ्या पोराला गेली. दिनू म्हणाला, "बाबा, दम तुटला नव्हता." काका म्हणाले, "निकाल बदलूचो नाय." त्याच महिन्यात दिनू घर सोडून घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत राहायला गेला. रिक्षा चालवू लागला. मुलुंडला परत आला नाही.

"पंच असावा तर असा," असं म्हणून आम्ही ही गोष्ट संपवायचो. काका समोर असले तर उठून आत जायचे. आम्हाला वाटायचं, माणूस विनयाने जातोय.

महानगरपालिकेची निवडणूक आली तेव्हा दिनू डोंगरावरच्या वॉर्डातून उभा राहिला. अपक्ष. वस्तीला नळ नव्हता, बायका पायथ्यापासून हंडे वाहत होत्या, त्यावर तो उभा होता. आणि टीव्हीवर उपनगरांतल्या काही उमेदवारांना एकत्र बोलावलं, त्यात अपक्षांतला एक तोंडी लावायला हवा होता, म्हणून हा.

ही बातमी मीच काकांना सांगितली. ते म्हणाले, "बरा." मग आतून शिट्टी आणून धोतराच्या सोग्याने पुसत बसले.

त्या संध्याकाळी त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. नाडकर्णीसुद्धा आले होते. काकांनी सकाळी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. खुर्ची टीव्हीसमोर, शिट्टी मुठीत. इतक्या वर्षांत त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला नव्हता, आणि आता तो जेमतेम तळहाताएवढा दिसणार होता.

पडद्यावर तिघं बसले होते. दिनू कडेला. पहिल्या दोघांनी भरपूर वेळ खाल्ला. एकाने तर आजोबांपासून सुरू केलं. शेवटी गृहस्थ दिनूकडे वळले. "आपण रिक्षा चालवता. महापालिकेचा कारभार आपल्याला झेपेल?"

खोलीत कोणीतरी "अरे" म्हणालं. दिनू हसला नाही, चिडलाही नाही. बोलायला लागला. वस्तीत किती बायका पाण्यासाठी पहाटे उठतात, पाइप कुठपर्यंत आलाय, पुढे का येत नाही. एका दमात, सरळ, कबड्डी घुमवावी तसा. काका कानाशी हात धरून पुढे झुकले होते. त्यांचे ओठ हलत होते. ते त्याच्याबरोबर दम धरून होते.

"आणि हा पाइप ज्यांनी अडवलाय, त्यांचं नाव मी" इथवर दिनू आला आणि गृहस्थ म्हणाले, "धन्यवाद. वेळेअभावी..."

कॅमेरा आजोबावाल्याकडे गेला. खोलीतले सगळे काकांकडे वळले.

काकांनी शिट्टी तोंडात धरली होती. गाल फुगले होते. पण आवाज आला नाही. मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी शिट्टी बाहेर काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"तू मार, अंता. माका मारूक येना नाय. माझो झील तो."

मी वाजवली. पहिल्यांदा नुसती थुंकी निघाली. दुसऱ्यांदा मात्र अशी वाजली, की खाली कोणीतरी रिक्षा थांबवली. तोवर पडद्यावर फुलं आली होती.

लोक हळूहळू गेले.  मी शेवटी उठलो, तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं.

"घाटकोपरच्या मैदानात तेचो दम तुटूक नव्हतो," ते म्हणाले. "चांगलो चालू होतो. माका ऐकाक येय होतो."

"मग?"

"लोक म्हनतले, बापाशीन झिलाक वाचवल्यान. भिलंय मी." ते टीव्हीकडे बघत राहिले. "दम चालू असताना कापलंय तेका. मीच पयलो."

 आम्ही ज्या गोष्टीची इतकी वर्षं फुशारकी मारली, ती अशी होती.

दिनू पडला. तसा तो पडणारच होता, डिपॉझिटसकट. नळ आला नाही. निवडून आलेला आजोबावाला पुढे टीव्हीवर वरचेवर दिसायला लागला.

एका रविवारी मी घाटकोपरला गेलो. काकांनी पाठवलं नव्हतं, मीच ठरवलं. दिनू बादली आणि पत्रा घेऊन स्वतःची पोस्टरं भिंतीवरून खरवडून काढत होता. लोकांच्या भिंती, म्हणाला, साफ करून द्यायला पाहिजेत. बापाचा चेहरा, बापाची कपाळावरची शीर. मी त्या सामन्याचा विषय काढायला तोंड उघडलं, तर त्यानेच हात वर केला.

"ते राहू दे. दम तुटला नव्हता, मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे." तो पुन्हा खरवडू लागला. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते अजून टीव्हीला शिट्टी मारतात ना? आमच्या इथले रिक्षावाले सांगतात."

"मारतात."

"माझ्या वेळी वाजली?"

पत्रा भिंतीवर थांबला होता.

"वाजली," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. एकदाच. मग बादलीत हात बुडवून बराच वेळ तो नुसता धूतच राहिला. चहा घेऊन जा म्हणाला, पण चहा मागवायला विसरला.

संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. शिट्टी परत द्यायला म्हणून घेऊन गेलो होतो. टीव्ही बंद होता. "वाजली काय ता इचारल्यान?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं.

"कोणी वाजवली, ता सांगलंस?"

"नाही."

 तो एक सामना सोडला तर आयुष्यात कोणाला खोटा गुण न दिलेला तो माणूस. मला वाटलं, आता मला बाद करणार. म्हणणार, जा आणि खरं सांगून ये. मी शिट्टी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. माझीच बोटं तिच्यावर मिटवली.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "दिलेलो निकाल बदलूचो नाय."