दुफीबाईंचं बंद दार

"मेलेल्या बहिणीशी मी बोलते, त्यात तुझ्या बापाचं काय जातं?" दुफीबाईंनी मुलाला विचारलं, तेही डॉक्टरांसमोर.

"आई, माझा बाप म्हणजे तुझा नवरा. तोही गेलाय," ओबेंग कळवळून म्हणाला.

"त्याच्याशी नाही बोलत मी. तो जिवंत असतानाच सोडलं होतं."

कुमासीच्या बाजारात दुफीबाईंचा धुरावर सुकवलेल्या मासळीचा गाळा होता. शेजारच्या स्टुलावर धाकटी बहीण अम्पोमा बसायची. ती गेली, तरी दुफीबाई त्या स्टुलाशी बोलत, कडाकडा भांडत, आणि पाणी पिण्याआधी तिच्या वाट्याचे दोन थेंब जमिनीवर सांडत. गिऱ्हाइकांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट "अम्पोमाला आमचाही नमस्कार सांगा" म्हणत. पण ओबेंग पडला राजधानीतल्या, अक्राच्या बँकेतला साहेब. आईचं डोकं फिरलं, असं त्यानं ठरवूनच टाकलं. गाळा कुणाला तरी द्यायचा आणि आईला अक्रातल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेऊन ठेवायचं, असा त्याचा बेत होता.

डॉक्टर ओपारे नुकतेच परदेशात शिकून आले होते. "रोज अर्धा तास खोलीत एकटं बसायचं," ते म्हणाले. "दार बंद. कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. जिवंत माणसाशी नाही, मेलेल्याशी तर नाहीच. आठवडाभर जमलं, तर अक्राला जायची गरज नाही."

"आणि तोंड उघडलं तर?"

"तर मुलाबरोबर गेलेलं बरं."

"बघतेच मी!" दुफीबाई पदर खोचावा तसं लुगडं आवळून उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खोलीचं दार लावलं. सहा बिऱ्हाडांच्या त्या अंगणात दिवसाढवळ्या दार कुणी लावत नसे. तेवढ्यात शेजारीण बोआतेमा मिरच्या मागायला आली. दाराशी उभं राहून तिनं रिवाजाप्रमाणे हाक दिली, "अगो!"

आतून "अमे!" यायला हवं होतं. माणूस तापानं फणफणलेला असो, न्हाणीत असो, नाहीतर अबोला धरून बसलेला असो, "अगो"ला "अमे" येतंच. न देणारी माणसं एकाच जातीची, गेलेली.

बोआतेमानं पुन्हा हाक दिली. काही नाही. मग तिनं असा हंबरडा फोडला की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प झाली.

आत दुफीबाई दोन्ही हातांनी तोंड दाबून बसल्या होत्या. तोंड उघडलं की अक्रा!

बाहेर मात्र वेळ कुणी दवडला नाही. बाजारातल्या बायका गाळे बंद करून सुतकाची लाल-काळी वस्त्रं नेसून आल्या. मांडववाला न बोलावताच खांब घेऊन हजर. खुर्च्या आल्या, कर्णा आला. "दार तोडू नका, घरचं माणूस येऊ द्या," एक म्हातारा म्हणाला. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसलेला ओबेंग त्यांना घेऊन धावत आला आणि दारावर डोकं टेकून रडायला लागला.

"आई गं, चुकलो मी! तुझा गाळा तुझाच आहे. कुठ्ठे नेत नाही तुला. माफ कर गं मला!"

दुफीबाईंचे डोळे भरून आले. तरी त्या हूं की चूं करेनात. मग तिवा नावाची त्यांची जुनी वैरीण रडता रडता म्हणाली, "गाळा मलाच द्यायचा, असं दुफी परवाच म्हणाली होती हो!"

"अमे!" आतून गर्जना झाली. "कधी म्हणाले गं, सटवे?"

दार धाडकन उघडलं. मांडववाला खांब टाकून पळाला. तिवा तर दोन खुर्च्या घेऊनच आडवी झाली.

धांदल ओसरल्यावर डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "अर्धा तास अजून व्हायचा होता, मावशी."

"मोडली अट, कबूल. पण याला विचारा की, आत्ता दाराशी कुणाशी बोलत होता हा?"

"तुझ्याशी," ओबेंग नाक पुसत म्हणाला.

"आणि मी कोण होते तेव्हा?"

"मेलेली!" बोआतेमानं तत्परतेनं सांगितलं.

डॉक्टर ओबेंगकडे वळले. "त्यांना ऐकू जाईल, असं खरंच वाटलं तुम्हाला?"

"म्हणजे काय! आई आहे ती," ओबेंग चिडून म्हणाला. "ऐकणारच ना!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. अंगणात कुणी हसलं नाही. दुफीबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, दंड धरून त्याला खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली.

"अर्धा तास. चकार शब्द नाही. डॉक्टर, तुम्ही घड्याळ बघा."

मग जराशानं त्यांनी दाराला तोंड लावून हाक दिली, "अगो!"

"अमे!" आतून ओबेंग तत्काळ ओरडला.

दुफीबाईंनी कडी काढली. "चल, आता माझी टोपली उचल. गाळा उघडायचाय, आणि अम्पोमाला हे सगळं कधी सांगते असं झालंय मला."